कशावरून? आठवीच्या ‘भौतिक की रासायनिक’ प्रकल्पाच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४

जानेवारीत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे. आठवीने विषय घेतलाय ‘घरातले बदल : भौतिक कोणते, रासायनिक कोणते’. विषय घासून गुळगुळीत झालेला. डाव्या रकान्यात बर्फ वितळणे, साखर विरघळणे, कागद फाडणे. उजव्यात लोखंड गंजणे, दुधाचं दही, कागद जळणे. कार्डशीटवर स्केचपेनने लिहायचं, कडेने वेलबुट्टी काढायची, झाला प्रकल्प. नाक मुरडायचा मला अधिकार नाही, मीही दोनदा असाच तक्ता लावलेला आहे.

घरात पाहिलेल्या पाच-पाच गोष्टी लिहून आणायला सांगितल्या होत्या. मुलं एकतीस. सतरा जणांच्या यादीत भाकरी आहे. गंमत पुढे झाली. एकाने खोबरेल तेल थिजणं रासायनिकमध्ये टाकलं. ‘बाई, पाण्यासारखं होतं, मेणासारखं पांढरं झालं. रंग बदलला की.’ एकीने चिंचेने तांब्या घासणं भौतिकमध्ये लिहिलं, कारण ‘तांब्या तोच आहे’. दोघंही चुकले, पण दोघांनी निदान डोळ्यांनी पाहून लिहिलं होतं. ज्यांचं बरोबर होतं त्यांना विचारलं, कशावरून? उत्तर आलं, पुस्तकात आहे.

तेव्हा फळ्यावर तिसरा रकाना आखला : कशावरून? त्यात ‘पुस्तकात आहे’ आणि ‘बाईंनी सांगितलं’ ही दोन कारणं चालणार नाहीत.

आणखी एक गोंधळ निस्तरावा लागला. चौघांनी ‘पाणी १०० अंशांना उकळते’ हे भौतिक बदलात लिहिलं होतं. हा बदल नाही, गुणधर्म आहे. मीठ पाण्यात विरघळतं, हा गुण मिठाच्या अंगी बरणीत पडून असतानाही असतोच. आईने आमटीत मीठ घातलं आणि ते विरघळलं, तो बदल. लोखंड गंजतं हाही गुणधर्मच, पण रासायनिक. तो तपासायचा तर थोडं लोखंड गमवावं लागतं. हे शेवटचं वाक्य बोलता बोलता सुचलं. पुढच्या वर्षी शिकवताना उपयोगी पडेल म्हणून इथे लिहून ठेवते.

४ डिसेंबर

सकाळी वर्गात १६ अंश. खोबरेलाची बाटली दगडासारखी. कोमट पाण्यात धरली, कडेने सुटत गेलं आणि २५ अंशांच्या आसपास सगळं वितळलं. मग माठाच्या पाण्यात ठेवलं, पुन्हा थिजलं. मुलांनी हे पाच वेळा केलं. वजन तेच, वास तोच. मधल्या सुट्टीत दोघींनी केसांना लावूनही पाहिलं, ही चाचणी मी सांगितलेली नव्हती.

उकळत्या पाण्यात थर्मामीटर धरला तर साडेसत्त्याण्णवच्या वर जाईना. ‘बाई, काटा बिघडलाय.’ बिघडलेला नाही. आपलं गाव समुद्रसपाटीपासून सातशे मीटरवर आहे, आणि साधारण दर तीनशे मीटरला उत्कलनांक एक अंशाने उतरतो. पुस्तकातले १०० अंश समुद्रकाठचे. वर महाबळेश्वरात पाणी आणखी लवकर उकळतं आणि डाळ आणखी उशिरा शिजते. एकाची मावशी तिथे असते, तिला फोन करून विचारणार आहे म्हणाला.

६ डिसेंबर

हळदीच्या पट्ट्या केल्या. हळद घरचीच, वर्गातल्या तिघांच्या रानात आहे. स्पिरिटमध्ये कालवून गाळणकागद बुडवला, वाळवला, कापला. साबणाचं पाणी लावलं की पट्टी लाल-तपकिरी, लिंबू पिळलं की परत पिवळी. शर्टावरचा वरणाचा डाग धुताना लाल होतो तो यामुळेच, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. फक्त त्याला विज्ञान म्हणतात हे माहीत नव्हतं. हळदीत चुना मिसळून घरी कुंकू करायचे, असं एकीच्या पणजीने सांगितलंय. बरोबर आहे, रंगाचं कारणही तेच.

एकाने लिहिलं : ‘भौतिक. कशावरून? परत होते.’

चूक, पण ही चूक आमची आहे. आम्हीच वर्षानुवर्षं सांगत आलो की परत फिरवता येतो तो भौतिक आणि येत नाही तो रासायनिक. साबणातल्या आम्लारीने (आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थाने) हळदीतल्या कर्क्युमिनच्या रेणूतून हायड्रोजन काढून घेतला, लिंबाच्या आम्लाने तो परत दिला. रेणू बदलला आणि पुन्हा पहिल्यासारखा झाला. रासायनिक बदलालाही परतीची वाट असू शकते.

७ डिसेंबर (शनिवार, अर्धी शाळा)

या प्रकल्पात माझा सगळ्यात आवडता दिवस हाच ठरेल असं वाटतंय.

खाण्याचा सोडा १० ग्रॅम मोजला. काटा एका पालकांनी दिलेला, छोटा डिजिटल, दशांश ग्रॅम दाखवणारा. सोडा कोरड्या लोखंडी तव्यावर पसरला आणि मध्यम आचेवर ठेवला. चमच्याने हलवताना पूड एकदम पातळ झाल्यासारखी वाहायला लागली, आतून वाफा निघत होत्या म्हणून. वर स्टीलचं ताट धरलं, त्यावर पाण्याचे थेंब जमले. वीस मिनिटांनी उतरवलं. दिसायला काय? तशीच पांढरी पूड. रंग नाही, वास नाही, काही नाही.

‘कोरडा झाला फक्त. भौतिक,’ असं अर्ध्या वर्गाचं मत पडलं.

काट्यावर ठेवला : ६.६ ग्रॅम. कुणीतरी म्हणालं, सांडला. परत १० ग्रॅम घेतला, या वेळी तव्याला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. ६.५. तोच सोडा आणखी दहा मिनिटं तापवला, ६.४. मग तिथेच थांबला.

आता पट्ट्या काढल्या. साध्या सोड्याच्या पाण्यात हळदीची पट्टी जेमतेम नारिंगी झाली. तापवलेल्या सोड्याच्या पाण्यात घातली तर रक्तासारखी लाल. वर्ग गप्प. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, हा तो सोडा नाहीच.’

नाहीच. तो धुण्याचा सोडा झाला होता. मग फळ्यावर हिशेब मांडला : खाण्याच्या सोड्याचे १६८ भाग तापले की धुण्याच्या सोड्याचे १०६ भाग उरतात, बाकीचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं. म्हणजे १० ग्रॅमचे ६.३. आमचे ६.४ आले. तव्यावर आणि मोडक्या शेगडीवर याहून जवळ जाता येत नाही. मला तर जाऊन मुख्याध्यापकांना काटा दाखवावासा वाटला.

परवाचं खोबरेल ओळखू न येण्याइतकं बदललं, तरी खोबरेलच राहिलं. आजचा सोडा तसूभर बदललेला दिसला नाही आणि सोडा राहिला नाही. फळ्यावर ‘रंग बदलला’ या कारणासमोर मुलांनीच फुली मारली. ‘फुगे आले’ हे कारण अजून शिल्लक आहे.

१० डिसेंबर

फुग्यांचाही निकाल लागला. पिण्याच्या गोड सोड्याची बाटली उघडली, फुगे. लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा टाकला, फुगे. दोन्हीकडचा वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडला. दोन्हीकडे निवळी दुधाळ. वायू एकच, कार्बन डायऑक्साइड. पण बाटलीतला वायू कारखान्यात दाब देऊन कोंबलेला होता, झाकण निघाल्यावर सुटला. लिंबातला त्याच क्षणी तयार झाला. निवळी फक्त ‘कोण आलं’ सांगते, ‘कुठून आलं’ सांगत नाही.

हे पुरेसं पटलं नाही. ‘मग कशावरून ठरवायचं?’ असं उलट मलाच विचारलं गेलं. उरलेलं पाणी तपासायचं, मी म्हणाले. बाटलीतल्या सोड्याचा फेस गेला की साखरपाणीच राहतं. लिंबाच्या पेल्यात आंबटपणा मेलेला असतो, आणि पेला आटवला तर खाली नवा क्षार मिळतो. आटवायला वेळ नव्हता. नोंद अर्धीच.

१२ डिसेंबर

शाळेच्या खिचडीसाठी कांदे चिरणाऱ्या मावशींच्या शेजारी बसून दोघींनी नोंद केली : ‘कांदा चिरणे, भौतिक. कशावरून? तुकडे झाले तरी कांदाच.’ डोळे पुसत पुसत लिहिलंय, वहीवर थेंब आहेत.

थेंबांकडे बोट दाखवून विचारलं, हे कशाने? अख्खा कांदा हातात धरला तर डोळ्यांतून पाणी येत नाही. डोळ्यांना झोंबणारा तो वायू न चिरलेल्या कांद्यात नसतोच. सुरीने पेशी फुटतात, वेगवेगळ्या कप्प्यांतला मालमसाला एकत्र येतो आणि तो वायू तिथल्या तिथे बनतो. चिरणं भौतिक, चिरल्यावर जे होतं ते रासायनिक. नोंदवहीत एका ओळीच्या दोन झाल्या. मावशी म्हणाल्या, एवढं शिकून कांदे आम्हीच चिरायचे ना.

१६ आणि १७ डिसेंबर

तांब्याचा तांब्या. देवघरातला, काळवंडलेला. चिंच भिजवून त्यात मीठ घातलं आणि नेहमी आया टाकून देतात ते घासलेलं पाणी या वेळी काचेच्या पेल्यात जमा केलं. गाळल्यावर त्यात किंचित हिरवट झाक. ज्या मुलीने ‘तांब्या तोच आहे’ लिहिलं होतं तिलाच हे काम दिलं होतं. मुद्दाम.

पॉलिश पेपरने घासलेला लोखंडी खिळा त्या पाण्यात अर्धा बुडवून रात्रभर ठेवला. आज सकाळी सगळ्यांच्या आधी ती वर्गात हजर. खिळ्याचा बुडालेला भाग तांबूस. बोटाने पुसलं तर थोडं निघालं, थोडं राहिलं. तिने तिसऱ्या रकान्यात लिहिलंय ते तसंच उतरवते : ‘तांब्या थोडा कमी झाला आहे. तो पाण्यात गेला होता. खिळ्यावर सापडला.’

मी यात एक अक्षरही बदललं नाही. तांब्यावरचा काळा थर म्हणजे तांब्याचं ऑक्साइड. चिंचेतल्या आम्लाने त्याचा क्षार झाला, क्षार पाण्यात उतरला, आणि लोखंडाने आपण विरघळून तांब्याला बाहेर काढलं. एवढं मी फळ्यावर लिहिलं, पण तिचं वाक्य जास्त चांगलं आहे.

इथेच एका मुलाने विचारलं, आमची आजी पितळी पातेल्यात ताक ठेवू देत नाही, कळकतं (भांड्यामुळे चव बिघडते) म्हणते, ते हेच का? हेच. पितळेत तांबं आणि जस्त असतं. आंबट ताक तेच करतं जे चिंचेने केलं, फक्त सावकाश, आणि ते पाणी आपण टाकून देत नाही, पितो. ‘कळकणे’ हा शब्द वर्गातल्या निम्म्या मुलांना माहीत नव्हता. स्टीलची भांडी आली आणि शब्द गेला.

आजींचं पातेलं कल्हईविना माळ्यावर पडून आहे असं कळलं. कल्हईवाले चाचा शनिवारी बाजाराला येतात.

२१ डिसेंबर (शनिवार)

बाजाराच्या कडेला, वडाखाली. चाचांनी वीतभर खड्डा केला, कोळसा घातला, हाताने फिरवायचा पंखा जोडला. पातेलं आतून वाळू आणि राखेने आधीच घासून घेतलं होतं. एकतीसपैकी तेवीस मुलं आली होती, वहीसकट. चाचांनी विचारलं, एवढी गर्दी कशाला? मी म्हटलं, प्रकल्प आहे. ते म्हणाले, मग मागे सरका, धूर डोळ्यांत जाईल.

पातेलं पालथं-उताणं करत तापवलं. थोड्या वेळाने कथलाची कांडी तळाला टेकवली. कांडीला काही झालं नाही. पंखा. पुन्हा टेकवली, या वेळी टोक वितळून चांदीचा थेंब घरंगळला. ‘झालं,’ म्हणाले. आमच्या शाळेतला थर्मामीटर ११० अंशांवर संपतो. कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणजे चाचांच्या हातातली कांडी हाच त्यांचा थर्मामीटर. गुणधर्म हा पाठ करायचा विषय असतो असं समजणाऱ्या माझ्या वर्गाने हे पाहिलं, याचा फार आनंद झाला.

मग चिमूटभर नवसागराची (अमोनियम क्लोराइडची) पूड आत फेकली आणि कापसाच्या बोळ्याने भर्रकन फिरवली. पांढरा दाट धूर, नाकात झिणझिण्या आणणारा. धूर विरला तेव्हा पितळ आतून लख्ख पिवळं दिसत होतं, पण क्षणभरच. लगेच कांडी फिरली, त्यावर बोळा फिरला, आणि बोळ्याच्या मागोमाग पिवळ्यावर चांदी पसरत गेली, जसं ओल्या फरशीवरून फडकं फिरावं. सांडशीत धरून पातेलं पाण्यात बुडवलं. चर्र.

‘नवसागर कशाला घालता?’
‘मळ खातो. मळ असला तर कथील धरत नाही.’
‘आणि पातेलं जास्त तापलं तर?’
‘कथील पिवळं पडतं. मग पुन्हा घासा.’

वाटेत शेंगा खात नोंदी केल्या. कथील वितळलं : भौतिक. नवसागराने मळ खाल्ला : रासायनिक, तो मळ म्हणजे धातूचं ऑक्साइड. कथील जास्त तापून पिवळं पडलं तर : रासायनिक, हवेतल्या ऑक्सिजनमुळे. पातेलं पाण्यात बुडवून थंड केलं : भौतिक. आणि कल्हई चढली, ती? नुसता मुलामा असता तर चिकटपट्टीसारखा सोलून आला असता. जिथे कथील तांब्याला भेटतं तिथे दोघांची मिळून संयुगं बनतात, त्या बारीक थरावर बाकीचं कथील बसतं. म्हणून ती धरते. चाचांचा ‘धरत नाही’ हा शब्द मला आमच्या पुस्तकातल्या कुठल्याही शब्दापेक्षा नेमका वाटला.

२४ डिसेंबर

नवसागर मनातून जात नव्हता. शाळांतून वर्षानुवर्षं तो संप्लवनाचं उदाहरण म्हणून शिकवला जातो : तापवा, द्रव न होता वाफ होते, थंड जागी तीच पांढरी पूड जमते. म्हणजे भौतिक बदल. मीही असंच शिकवलंय, परीक्षेत विचारलंय आणि गुण दिलेत.

आज सगळ्या खिडक्या उघडून मीच प्रयोग केला, मुलं दोन बाक मागे. परीक्षानळीत नवसागर, वर काचलोकरीचा सैल बोळा, तोंडाशी हळदीची ओली पट्टी. पहिल्या नळीला तडा गेला (प्रयोगशाळेतलं सामान किती जुनं आहे हे लिहित बसत नाही). दुसऱ्या नळीत अर्ध्या मिनिटात पट्टी तांबूस झाली. आणि मग, कुणी हात न लावता, पुन्हा पिवळी.

पट्टी लाल करणारा आम्लारी असतो. नवसागरातून आम्लारी कुठून आला? कारण तापल्यावर नवसागर फुटतो : अमोनिया वेगळा, हायड्रोजन क्लोराइड वेगळा. अमोनियाचा रेणू १७ वजनाचा, दुसरा साडेछत्तीसचा. हलका पुढे पळतो आणि पट्टी लाल करतो, जड मागून येऊन ती पिवळी करतो. नळीच्या गार भागात दोघं भेटले की पुन्हा नवसागर. फक्त सुरुवात आणि शेवट पाहिला तर काहीच घडलेलं नाही. मधल्या वाटेवर पट्टी धरली म्हणून कळलं. परवा पातेल्यातला मळ खाल्ला तोही त्या सुटलेल्या आम्लानेच.

‘बाई, मग तुम्ही सहामाहीत आम्हाला चूक शिकवलं?’ हो. ‘गुण कापणार?’ नाही. खरं संप्लवन पाहायचं तर देवघरातल्या कापराची वडी मोजून डबीत ठेवा आणि आठ दिवसांनी पुन्हा मोजा, असं सांगून वेळ मारून नेली. अर्थात कापूर पेटवला तर रकाना बदलतो.

३ जानेवारी २०२५

तक्ता लिहायला घेतला. नवसागर कुठल्याच रकान्यात बसेना, म्हणून दोन्हींच्या मधल्या रेघेवरच लिहिला. भाकरीवर तासभर भांडण. फुगते ती वाफेने, भौतिक. डाग पडतात ते रासायनिक, खरपूस वास नवा आहे. पण गरम पाण्यात पीठ मळलं की चिकटून येतं, ते? पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची बांधणी उसवते. नवा पदार्थ होत नाही, पण परतही फिरवता येत नाही. माझं मत भौतिक. वर्गाचं मत नऊ विरुद्ध बावीस, माझ्या विरोधात. तिसरा रकाना पेन्सिलने लिहून ठेवलाय.

पातेलं आजींकडे परत गेलं होतं. आज डब्यात कढी आली. कळकली नाही, कशावरून? चवीवरून. प्रयोगशाळेत ही चाचणी चालत नाही, म्हणून तक्त्यावर घेतली नाही.

८ जानेवारी

प्रदर्शन झालं. परीक्षकांनी विचारलं, तक्त्यात पेन्सिल का, आणि मधल्या रेघेवर काय लिहिलंय, चुकून सरकलं का? ज्या मुलाची आजी ताक ठेवू देत नाही त्याने हळदीच्या पट्टीपासून सांगायला सुरुवात केली. दोन मिनिटं दिली होती, तो धुरापर्यंत पोचला तोवर ते पुढच्या टेबलावर गेले होते. क्रमांक आला नाही. पहिला आला तो ज्वालामुखी, लाल शाई घातलेला, सोडा आणि व्हिनेगरचा. आमच्या मुली तो बघायला गेल्या आणि शाईमुळे काही बदलतं का असं विचारून आल्या.

तक्ता गुंडाळून परत आणलाय, कोपऱ्यात चिंचेच्या पाण्याचा डाग आहे. काटा पालकांना परत दिला. पट्ट्या अजून चाळीस उरल्यात. टेबलावर मांडलेला खिळा मात्र गर्दीत कुणीतरी उचलून नेला.